माळवद गेलं, पत्रा आला: मग चित्र कशाचं काढायचं?

इंदापूर तालुक्यातल्या एका कलाशिक्षकाचं पत्र आलं आहे. सोबत दोन चित्रांचे फोटो आहेत, एक गावाचं आणि एक शेततळ्याचं. प्रश्न थोडक्यात असा: "सर, बारा वर्षं मी आमच्या गावात आणि उजनी धरणाच्या काठावर निसर्गचित्रं करतोय. माळवदं (मातीची सपाट छपरं) गेली, पत्रे आले. माळ गेला, ऊस आला. शेततळी, पॉलिहाऊस, मोबाइलचे टॉवर, चौपदरी रस्ता. हे सगळं वगळलं की चित्र छान होतं, विकलंही जातं. घातलं की लोक म्हणतात, हे काय काढलंय? आणि खरं सांगू का, मलाही ते चित्र आवडत नाही. बदलतं गाव काढायचं तरी कसं?"

चित्रकला शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्याच काळात सुट्टी मिळेल तशी उजनीच्या काठाची चित्रं मीही काढत आलो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

"मलाही ते आवडत नाही" हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तिथूनच सुरुवात करू. न आवडण्याचं कारण पत्रा कुरूप आहे हे नव्हे. तुमच्या गावाच्या चित्रात रचना माळवदाच्या गावाची आहे, टोनही (म्हणजे उजळ-गडदपणा) माळवदाच्या गावाचे आहेत, आणि त्यात मधेच पत्र्याची तीन छपरं आणून बसवली आहेत. लग्नाच्या पंगतीत चुकून शिरलेल्या माणसासारखी ती दिसतात. दोष त्या माणसाचा नाही, पंगत दुसऱ्याच घरची आहे.

जुन्या गावाचं गणित आठवा. इंदापूर-सोलापूरकडचं जुनं घर म्हणजे दगड-मातीची भिंत आणि वर मातीचंच छप्पर. एप्रिलच्या दुपारी टेकाडावरून पाहिलं की गाव आणि माळ एकाच टोनमध्ये. गाव ओळखू यायचं ते भिंतींच्या सावल्यांवरून आणि चार-दोन कडुनिंबांवरून. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), सावलीत थोडा अल्ट्रामरीन निळा, एवढ्यात सगळं गाव बसायचं. शिकाऊ पोरगाही ते चित्र बरं करायचा, कारण रंगसंगती गावानेच करून ठेवलेली असायची. आपण त्याचं श्रेय स्वतःकडे घेत आलो.

पत्र्याला स्वतःचा असा रंग नसतो. तो आकाशाचा रंग घेतो. त्याच दुपारी नवा पत्रा हा सगळ्या दृश्यातला सर्वांत उजळ तुकडा असतो, पुष्कळदा आकाशाहूनही उजळ. संध्याकाळी सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहिलात तर तोच निळसर करडा आणि मंद. दहा वर्षांचा गंजका पत्रा पुन्हा बर्न्ट सिएनाकडे सरकतो. म्हणजे झालं काय? पूर्वी आकाश खाली उतरायचं ते फक्त पाण्यात, आता ते गावाच्या डोक्यावर उतरलं आहे. जिथे छप्पर आणि जमीन एका टोनची होती तिथे छप्पर सर्वांत उजळ आणि जमीन तुलनेने गडद झाली. गावाचा टोन उलटला. हा उलटलेला टोन तुमच्या चित्राचा विषय आहे, पत्रा नव्हे.

करून पाहा. पोस्टकार्डाएवढे दोन कागद घ्या. एकावर तुमच्या जुन्या स्केचवरून माळवदाचं गाव काढा आणि दुसऱ्यावर आजचं. रंग नको, फक्त पांढरा, करडा, काळा असे तीन टोन. डोळे बारीक करून पाहा आणि मगच ठरवा कुठला तुकडा कुठल्या टोनमध्ये जातो. पहिल्या कागदावर पांढरं जवळजवळ सगळं आकाशात जाईल, दुसऱ्यावर ते खाली, मध्यभागी येईल. मग जलरंगात मोठं चित्र करताना पत्र्यासाठी कागद कोरा सोडून त्यावर करड्या रेघा ओढायची आपली जी सवय आहे ती मोडा. सेरुलियन निळ्याचा अगदी पातळ वॉश (पाणीदार थर) द्या, कडा मात्र कोरडी आणि धारदार ठेवा. आणि मुख्य म्हणजे बाकीचं सगळं अर्ध्या टोनने खाली आणा. जमीन तुम्हाला वाटते त्याहून गडद आहे. तुम्ही तिला अजून माळवदाच्या काळात ठेवली आहे.

हाच प्रकार पाण्याचा. पिढ्यान् पिढ्या निसर्गचित्रात पाणी म्हणजे दृश्यातली सर्वांत खालची जागा. ओढा, नदी, तळं, नजर उतरत उतरत तिथे जाऊन विसावते. शेततळ्याने हे मोडलं. बांध घालून, प्लास्टिकचा कागद अंथरून, मोटारीने भरलेलं पाणी आता उतारावर, कधी टेकाडाच्या खांद्यावरही असतं. तुम्ही रस्त्यावर उभे असता आणि पाणी तुमच्या डोक्याच्या वर असतं! शिवाय त्याला सरळ कडा आणि चार कोपरे असतात. नैसर्गिक पाण्याला काटकोन नसतो. हे विचित्र वाटणं चित्रात उतरलं पाहिजे. तुम्ही शेततळं तळ्यासारखं काढलंय, मऊ काठाचं, प्रतिबिंबासकट. त्यावर शेवटी बोलतो.

ऊस तर त्याहून पुढे जातो, तो अंतरच गिळतो. शाळू (रब्बी ज्वारी) उभा असला की तेव्हाही क्षितिज झाकायचं, पण ते तीन-चार महिने. काढणी झाली की जमीन पुन्हा उघडी पडायची आणि नजर थेट लांबच्या टेकडीपर्यंत जायची. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा असतो. रस्त्यावर उभं राहिलं की समोर दीड पुरुष उंचीची हिरवी भिंत. मध्यभूमी नाही, पार्श्वभूमी नाही. शाळेत आपण शिकवतो ते पुढचं, मधलं, मागचं असे तीन पट्टे इथे लागू पडत नाहीत. मग ते बळेच आणू नका. चित्राचा पाऊण भाग हिरवी भिंत असू द्या आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी. गुदमरल्यासारखं होईल. होऊ द्या, तिथे उभं राहिल्यावर तसंच होतं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, ऊसतोड मजुरांची टोळी आली की एका दिवसात भिंत पडते आणि टेकडी परत दिसते. शेताच्या कडेला त्यांच्या कोप्या (झोपड्या) उभ्या राहतात आणि हंगाम संपला की जातात. वर्षातून काही महिनेच असणारं एक आख्खं गाव आपल्या निसर्गचित्रकारांनी जवळजवळ पाहिलेलंच नाही. मीही फार उशिरा पाहिलं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यातच आहे.

नोकरीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत मी त्या भागातली शंभरावर चित्रं केली असतील. त्यातल्या एकातही विजेचा खांब नाही. खांब समोर होते. तारा होत्या, तारांवर वेडे राघू बसलेले असायचे. मी ते डोळ्यांनी पुसून टाकायचो. आमच्या शिक्षकांनीही तेच केलं होतं आणि "निवड करता आली पाहिजे" असं त्याला नाव दिलं होतं. पुढे एकाच जागेची वीस वर्षांतली चित्रं एकत्र लावायची असं ठरवलं आणि जुने गठ्ठे सोडले. तेव्हा लक्षात आलं की या चित्रांवरून वीज वस्तीवर कधी आली, विहिरीवरची मोट जाऊन मोटार कधी बसली, डांबरी रस्ता कधी झाला, काहीच कळत नाही. १९८८ चं चित्र आणि १९९७ चं चित्र जुळ्या भावांसारखं. त्यातल्या अर्ध्यांवर तारीखही नाही. माझं गाव बदलत होतं आणि माझी चित्रं खोटी साक्ष देत बसली होती. विकली मात्र चांगली गेली, हेही सांगायला हवं.

दुसरा धक्का एका बाईंनी दिला. मी एक ढासळलेलं माळवद मन लावून रंगवत होतो. डोक्यावर घागर घेऊन त्या मागे उभ्या राहिल्या, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पडकं कशाला काढताय सर, आमचं नवं काढा की!" माळवद दिसायला देखणं. पण ते गळतं, त्याच्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, घुशी लागतात. पत्रा उन्हात तापतो, पावसात कानठळ्या बसवतो, तरी त्यांनी तो हौसेने घातलेला होता. जुनं गेल्याचं दुःख माझं होतं, घर त्यांचं होतं. हल्ली विद्यार्थ्यांच्या टिपणांत ऱ्हास, विस्थापन असे शब्द सरसकट येतात तेव्हा मला त्या घागरवाल्या बाई आठवतात. विस्थापन खरंच झालं आहे. उजनीच्या पाण्याखाली गावं गेली आहेत, हे त्या काठावर कुणाला सांगावं लागत नाही. पण प्रत्येक पत्र्याला विस्थापनाचा शिक्का मारणं म्हणजे न बघताच बोलणं.

उजनीचंच घ्या. धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्केवारी मोजतात ती त्याच्या वरच्या साठ्याची. म्हणून तर उन्हाळ्यात बातम्यांत "उजनी वजा वीस टक्के" असं ऐकू येतं. बाहेरच्या माणसाला पाणी उणे कसं असतं हे समजत नाही, काठावरच्या पोरालाही ते कळतं. चित्रकाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की इथे काठ ही स्थिर गोष्टच नाही. ऑक्टोबरात जिथे पाणी तिथे मे महिन्यात गाळपेरीचं हिरवं पीक किंवा भेगाळलेला गाळ. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी फार उतरलं की वर येतं. आधी शिखर, आणि दुष्काळाच्या साली पायथ्यापर्यंत चालत जाता येतं. देऊळ उघडं पडलं की आम्ही सगळे चित्रकार तिकडे धावतो आणि सगळे तेच चित्र काढतो: सोनेरी संध्याकाळ, एकाकी शिखर, पाण्यात प्रतिबिंब. मीही काढलं आहे, बरं आहे ते. पण पाठ फिरवून काठाकडे पाहा. पाणी मागे हटेल तसे शेतकरी मोटारी पुढे नेतात आणि पाइप आणि केबल जोडत जातात. उतारावरून पाण्याकडे धावणाऱ्या दहा-वीस काळ्या रेघा, काही सरळ, काही सापासारख्या. इतकी जोरकस रचना देवळाच्या बाजूला नाही. दुष्काळ कसा दिसतो असं कुणी मला विचारलं तर मी त्या रेघा दाखवीन. (भिगवणच्या बाजूच्या रोहित पक्ष्यांबद्दल काही बोलत नाही. ते फोटोवाल्यांना राहू द्या.)

पद्धत म्हणाल तर साधी आहे, फक्त चिकाटीची आहे. एक जागा धरा. धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्याच्या वरची, म्हणजे दर साली तिथे उभं राहता येईल. दगडाला, झाडाला, काही खूण करून ठेवा. जमल्यास झाड नको, रस्तारुंदीत जातं. वर्षातून दोनदा पुरे: एकदा पावसाळा संपताना, एकदा मे अखेरीला. कागदाचा आकार तोच, डोळ्याची पातळी तीच. क्षितिजरेषा दर वेळी कागदाच्या त्याच उंचीवर मारा, तरच दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर बोलतील. कागदाच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून होता, ऊस उभा की तुटलेला, हे पेन्सिलीने लिहा. इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले, तेव्हा पुष्कळ कागदांच्या मागे तारीख, तास आणि वारा लिहून ठेवला होता. ती टिपणं त्याच्या ढगांइतकीच मोलाची ठरली. मी हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत होतो आणि स्वतः करत नव्हतो, ते वर आलंच आहे.

मोबाइलचा फोटो आठवणीसाठी ठेवा, त्यावरून रचना करू नका. मोबाइलची भिंग रुंद कोनाची असते. समोरचा बांध फुगतो आणि लांबची टेकडी चेपून बोटभर होते. प्रत्यक्षात तुमचं मन त्या टेकडीला केवढी मोठी पाहतं! गावातल्या माणसाला फोटोवरून केलेलं चित्र "आपलं वाटत नाही" ते पुष्कळदा यामुळे. हात लांब करून पेन्सिलीने टेकडीची उंची मोजा, जुनाच उपाय आहे.

कुणाकडे पाहावं? कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांच्याकडे, परत जाणं शिकण्यासाठी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि कोटितीर्थ तळ्याचं तेच पाणी, तीच झाडी वेगवेगळ्या प्रहरी रंगवत राहिले. ना. श्री. बेंद्रे मोठे निसर्गचित्रकार आणि १९५० पासून बडोद्यात मोठे शिक्षक, पण त्यांच्या बाबतीत जागेपेक्षा चित्रभाषा जास्त बदलत गेली. तो वेगळा प्रवास आहे आणि तुमच्या प्रश्नाला त्यातून थेट उत्तर मिळणार नाही. तुम्हाला हवं ते चित्रकार सुधीर पटवर्धनांकडे आहे. व्यवसायाने रेडिओलॉजिस्ट, राहणार ठाण्याचे. 'पोखरण' (१९९१) आणि 'लोअर परळ' (२००१) ही चित्रं मिळतील तिथे पाहा. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचं काय झालं हे सांगायला पडक्या गिरणीसमोर रडणारा कामगार काढणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. जुनं आणि नवं एकाच चौकटीत, माणसं आपापल्या कामाला निघालेली, आणि एकाच ठिकाणाहून न दिसणाऱ्या बाजूही एकत्र आणलेल्या. शेवटची गोष्ट नीट अभ्यासा. बदलणारी जागा एका नजरेत मावत नाही आणि एकच दृष्टिबिंदू धरायची सक्ती तुमच्यावर कुणी केलेली नाही. जागेवरचा अभ्यास एका बिंदूवरून करा, घरी मोठं चित्र करताना तो सोडा.

आणि टॉवरचं, खांबाचं काय करायचं यावर माझा गुरू जपानी आहे. हिरोशिगेने १८५६ पासून एदो (आजचं टोकियो) शहराची शंभरावर दृश्यं छापली, आदल्याच वर्षी त्या शहरात मोठा भूकंप झाला होता. त्यात तो जवळची वस्तू एकदम नाकासमोर आणतो, कामेइदोच्या बागेतल्या प्लमच्या झाडाचं वाकडं खोड, कुठे गाडीचं चाक, आणि त्याच्या फटीतून लांबचं दृश्य दाखवतो. आपण खांब नेहमी मधल्या अंतरावर, काडीसारखा काढतो, माफी मागितल्यासारखा. त्याला पुढे आणा. चित्राच्या उंचीएवढा, कागदाबाहेर जाणारा, त्यावरच्या धोक्याच्या पाटीसकट. मागे धरणाचं पाणी. मी असं पहिलं चित्र केलं तेव्हा खांब अडचण राहिला नाही, चित्राचा कणा झाला.

विक्रीचं थोडक्यात. मलाही एका गिऱ्हाइकाने "टॉवर तेवढा काढून द्या" असं सांगितलं आहे आणि तेव्हा पैशांची गरज होती म्हणून मी तो काढून दिला आहे. तुम्ही देवळाची, घाटाची चित्रं करून विका, त्यात काही पाप नाही. फक्त तो गठ्ठा वेगळा ठेवा आणि काठावरचा गठ्ठा विकू नका. त्यातलं एक चित्र सुटं गेलं की मालिकेतलं एक वर्ष गेलं.

आता तुमचं शेततळं. पाणी छान लावलंय, एका वॉशमध्ये, हात थरथरला नाही. पण बांध आणि पाणी यांच्यामध्ये प्लास्टिकच्या कागदाची काळी पट्टी असते, ती तुम्ही गाळली आहे. बहुधा घाण दिसते म्हणून. भर उन्हात सगळ्या शिवारात तेवढी गडद, तेवढी सपाट जागा दुसरी नाही, आणि तिच्याशेजारी पाणी उजळ दिसतं ते तिच्यामुळेच. तळं भरलेलं असताना ती दोन बोटं रुंद दिसते. पाणी पिकाला जाईल तशी ती वाढत जाते. पेन्स ग्रे या गडद निळसर करड्या रंगात थोडा बर्न्ट सिएना मिसळा, एका दमात लावा, पुन्हा ब्रश फिरवू नका. हे चित्र याच जागेवरून याच आकाराच्या कागदावर आत्ता एकदा करा आणि मे महिन्यात पुन्हा. तेव्हा बांधावर चढून पाहिलंत तर पट्टी पाण्याहून मोठी झालेली असेल.